चाळीस हिरव्या काड्या

माझ्या खोलीची खिडकी अंगणाकडे उघडते. अंगण कागदोपत्री आमचं आहे, पण सकाळी साडेसात ते अकरा ते गावाचं असतं. पप्पा गावच्या विकास सोसायटीचे चेअरमन आहेत. त्याआधी सरपंच होते, आणि त्याच्याही आधी जेव्हा कुणीच नव्हते तेव्हासुद्धा अंगणात माणसं बसलेली असायची, असं आई सांगते. कुणाचा सातबारा अडलेला असतो, कुणाच्या शेतातल्या विजेच्या डीपीचा फ्यूज उडालेला असतो. कुणाचं काहीच नसतं, तो चहाला येतो. प्लास्टिकच्या लाल खुर्च्या फाटकापासून मांडत आणल्या की शेवटची खुर्ची माझ्या खिडकीच्या गजांना टेकते. आणि सकाळची सावली नेमकी तिथंच पडत असल्यामुळे शेवटची खुर्ची सगळ्यात आधी भरते.

दोन वर्षांपूर्वी मी पुण्यातून परत आले. घरून काम करते. इंग्रजी व्हिडिओंमध्ये लोक जे बोलतात ते खालच्या अक्षरांत बरोबर उमटलंय का, हे तपासायचं काम. म्हणजे दिवसभर कानात हेडफोन घालून अनोळखी माणसांचं बोलणं ऐकायचं, आणि त्यांना उत्तर द्यायचं नाही. मला याहून योग्य नोकरी देवानेसुद्धा काढली नसती.

अडचण एवढीच की खिडकीबाहेरच्या माणसांना उत्तर हवं असतं.

"काय ताई, काय म्हणतंय कंप्युटर?"

"हो," मी म्हणते.

"जेवण झालं का?"

"हो."

"पुण्याला कदी जायचं आता?"

"हो."

हे मी लाडाने सांगत नाही. मला खरंच दुसरं काही सुचत नाही. मी बीडच्या इंग्लिश मीडियमच्या शाळेत शिकले. तिथं मराठीत बोललं की दंड होता, आणि इंग्रजीत बोललं की मुलं हसायची, त्यामुळे मी मधला मार्ग म्हणून बोलणंच कमी केलं. घरी आले की लोक समजायचे पोरीला गर्व आहे. मग गर्व नाही हे दाखवायला मी सगळ्याला हो म्हणू लागले. अजून एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांच्यात माझा गोंधळ होतो. पण हो कुठेही चालतं.

पडदा लावून पाहिला होता. पहिल्याच दिवशी तिघांनी आईला विचारलं की ताईला ताप आहे का. आई आत येऊन म्हणाली, "पडदा कावून लावलास? लोक म्हणतील घरात कुणी आजारी हाय." पडदा निघाला.

अशात एक दिवस माझ्या कामात बागेचे व्हिडिओ आले. त्यातली एक गोरी म्हातारी यू नावाच्या झाडाच्या काड्यांपासून रोपं कशी करायची ते सांगत होती. यू म्हणजे गडद हिरव्या, बारीक सुयांसारख्या पानांचं झाड. पानगळ नाही. बारा महिने हिरवं. छाटलं की भिंतीसारखं दाट होतं, आणि हजार-हजार वर्षं जगतं. म्हातारीच्या घराभोवती त्याचं कुंपण होतं. ते इतकं उंच आणि इतकं घट्ट होतं की आतली ती आणि बाहेरचं जग यांचा काही संबंधच उरला नव्हता. मी तो व्हिडिओ कामासाठी दोनदा आणि स्वतःसाठी नऊ वेळा पाहिला.

यूला थंडी लागते. आमच्याकडे थंडी म्हणजे सकाळी आठपर्यंत मफलर आणि नऊला पंखा. तेव्हा यूचा नाद मी सोडला आणि त्याच्या जवळपासचं काहीतरी शोधलं. मोरपंखी. तीही बारमाही हिरवी, तीही दाट, आणि तिच्या काड्या लावायची रीत म्हातारीच्या रीतीसारखीच. मी मनातल्या मनात तिचं कुंपण वाढवूनसुद्धा टाकलं. खिडकीपासून तीन फुटांवर, खिडकीएवढं उंच. पलीकडे खुर्च्या, अलीकडे मी.

फक्त ते तीन फूट पप्पांकडून मागायचे होते. वैशाखात माझ्या भावाचं लग्न ठरलं होतं, आणि त्याआधी सगळ्या अंगणात पेव्हर ब्लॉक बसवायचं पप्पांच्या मनात होतं, अगदी माझ्या भिंतीपर्यंत. मी शूरपणे खोलीत बसून त्यांना व्हॉट्सअ‍ॅप केलं. ते अंगणात होते, माझ्यापासून वीस फुटांवर. त्यांनी चष्मा शोधला, मेसेज मोठ्याने वाचला आणि तिथूनच ओरडले, "अगं, तीन फूट कशाला पाहिजेत तुला?"

अकरा माणसांनी खिडकीकडे पाहिलं.

"झाडं लावायचीत," मी म्हणाले. ते बहुतेक मलाच ऐकू आलं.

"काय?"

"झाडं लावायची म्हणती," खिडकीजवळच्या खुर्चीतल्या आबांनी पुढं सांगितलं. हे आबा रोज येतात. गेल्या दोन वर्षांत त्यांचं पप्पांकडे काहीही काम निघालेलं नाही.

पप्पांनी विचार केला. "गुढीपाडव्यापर्यंत काय उगवलं तर तुझी पट्टी तुला. न्हाई उगवलं तर ब्लॉक भिंतीपर्यंत. खुर्च्या रुतायल्यात लोकांच्या."

कुणी म्हणेल, नर्सरीतून तयार रोपं का नाही आणली. पप्पांच्या घरात झाड नुसतं लावता येत नाही, त्याचं वृक्षारोपण होतं. नर्सरीवाल्याने टेम्पो भरून रोपं पाठवली असती, नारळ फुटला असता आणि फोटोत मधोमध मी असते, एका हाताने रोप धरलेली. लपायच्या कुंपणाचं उद्घाटन मला नको होतं. काड्या लावणं हे गुपचूप करता येणारं काम होतं. असं मला वाटलं होतं.

तेव्हा दसऱ्याचे दिवस होते आणि पप्पांचे नव्याने चेअरमन झाल्याचे सत्कार चालले होते. रोज चार-पाच बुके घरी यायचे. बुकेत पुढे जरबेरा आणि मागे पंख्यासारखी पसरलेली हिरवी टहाळी. मी नीट पाहिलं, ती मोरपंखीच होती. वाळलेले बुके गोठ्याजवळच्या ढिगावर जायचे. मी पहाटे उठून त्या ढिगातून टहाळ्या वेचल्या. कुणी पाहिलं असतं तर चेअरमनच्या मुलीला सत्काराची एवढी हौस कशी, असं वाटलं असतं. काड्या तासून वाळूत लावल्या, पाणी घातलं. आठ दिवसांत त्या बदामी झाल्या. त्यांच्यावर बुकेवाल्याने मारलेली चंदेरी चमचम मात्र शेवटपर्यंत ताजी होती.

आमच्याकडे एक काकू अंगण झाडायला आणि भांड्यांना येतात. शिरूर कासारकडच्या. अर्धं वर्ष आमच्या गावात, अर्धं वर्ष नवऱ्याबरोबर ऊसतोडीला. त्या झाडू थांबवून माझ्या वाळूकडे बघत राहिल्या.

"ताई, हे सत्काराचं हाय. मरून चार दिस झालेत त्याला. त्याला कशाची मुळी फुटती?"

"हो," मी म्हणाले.

जिवंत मोरपंखी नेकनूरला मामींच्या दारात होती, दोन झाडं. त्यासाठी मला एसटीने जावं लागलं आणि मामींकडे जेवावं लागलं. मी याआधी कधी स्वतःहून त्यांच्याकडे गेले नव्हते. त्यामुळे मी झाडाखाली उभी राहून टहाळ्या ओढत होते तेव्हा मामी आत आईला फोन करत होत्या, "न्हाई न्हाई, टहाळं न्यायला म्हणती. पण टहाळ्यासाठी कुणी एवढ्या लांब येतं व्हय? तुमी इचारा तिला. कायतरी असंल मनात." घरी पोचेपर्यंत आईने मनातल्या मनात दोन मुलं पाहून नापसंत केली होती.

टहाळी कात्रीने कापायची नसते. खाली ओढायची, म्हणजे जुन्या फांदीच्या सालीची छोटी शेपटी तिच्याबरोबर येते. मुळं त्या शेपटीतून फुटतात. हे म्हातारीने सांगितलं होतं. मी अशा चाळीस टहाळ्या ओल्या टॉवेलात गुंडाळून एसटीत मांडीवर घेऊन बसले. कंडक्टरने विचारलं, "कुणाचा सत्कार हाय?"

मुळं फुटायची पावडर बीडच्या कृषी सेवा केंद्रात मिळाली. दुकानदाराने विचारलं, "डाळिंबाला का?" मी हो म्हणाले. त्याने डाळिंबाची गुटी कशी बांधायची, म्हणजे फांदी झाडावर असतानाच तिला मुळं कशी फोडायची, ते वीस मिनिटं समजावलं. आजही मला डाळिंबाची गुटी बांधता येईल.

मग मी भाजीचे चार क्रेट घेतले, त्यात वाळू आणि कोकोपीट भरलं आणि प्रत्येकात दहा काड्या उभ्या लावल्या. वर झाकायला पारदर्शक प्लास्टिक हवं होतं. घरात लग्नाची खरेदी चालू होती, त्यामुळे साड्यांच्या पिशव्या मुबलक होत्या. चार क्रेट माझ्या खिडकीखाली त्या तीन फुटांच्या पट्टीत मांडले. शालूच्या पिशवीत मोरपंखी. दुरून ते मुंडावळ्या बांधायच्या तयारीत बसल्यासारखे दिसत होते.

काकूंनी ते पाहिलं. "उभं कावून लावलंत? आमी ऊस लावतो तर बेणं आडवं निजवतो. डोळा वर, वर माती. उभं लावलं की वारं लागतं त्याला."

उसाच्या कांडीला बेणं म्हणतात आणि त्यावरच्या कोंबाच्या जागेला डोळा, हे मला माहीत होतं. पण काकूंनी इंग्रजी व्हिडिओ पाहिलेला नव्हता. मी समजूतदार हसले. ज्याने एक गोष्ट नऊ वेळा पाहिली आहे, तो जिने ती हजार वेळा केली आहे तिच्याकडे पाहून हसतो तसं.

भाऊबीज झाली आणि काकूंची निघायची वेळ आली. त्या दिवशी मी कामात होते, कानात हेडफोन. काकू खिडकीशी आल्या आणि काहीतरी बोलल्या. जमिनीकडे बोट दाखवलं, तळहात आडवा धरून दाखवला, लांब कुठेतरी बोट केलं, पुन्हा जमिनीकडे. मला वाटलं, पगाराचं किंवा खराट्याचं काही असेल. मी हेडफोन काढायला हवे होते. पण व्हिडिओतला माणूस भरभर बोलत होता आणि मला एकाच वेळी दोघांचं ऐकता येत नाही. मी मान डोलवली आणि हो म्हणाले. काकूंनी एकदा खात्री केल्यासारखं पाहिलं, मीही पुन्हा मान डोलवली, आणि त्या गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांचा ट्रक कारखान्याकडे निघाला.

मग थंडीचे चार महिने मी एका वहीत नोंदी ठेवल्या, इंग्रजीत. सगळ्या नोंदींचा अर्थ एकच होता : आज चाळीस हिरव्या. काड्या खरंच हिरव्या होत्या. एकही सुकली नाही, एकही वाकली नाही. पण म्हातारीने सांगितलं होतं की मुळं आली का ते पाहायला काडी अजिबात उपटू नका. त्यामुळे मी दर आठवड्याला एक उपटून पाहायचे आणि परत खोचून ठेवायचे.

एका सकाळी असं करताना आबांनी पाहिलं.

"कावून उपटायलीस, बाई?"

मी काडी ओंजळीत लपवली.

"पोटातलं पोरगं किती वाढलंय ते कुणी भाईर काढून बगतं व्हय?"

सात खुर्च्या हसल्या. मी काडी खोचली आणि आत पळाले. पण त्या दिवसापासून माझं काम गावजाहीर झालं. रोज येणारा प्रत्येक माणूस खुर्चीत बसण्याआधी खिडकीशी थांबून विचारायचा, "फुटली का मुळी?" कुणी साडीची पिशवी उचलून बघायचा, कुणी वास घेऊन बघायचा. एकाने ही परदेशी औषधी आहे असं पसरवलं आणि दोन बायका गुडघ्यासाठी पाला मागायला आल्या. नारायणगडाच्या जत्रेत एक अनोळखी आजी माझ्या आईला म्हणाल्या, "हीच का ती काड्यावाली?" लोकांनी माझ्याकडे बघू नये म्हणून मी जे लावलं होतं, त्याच्यामुळे आता दोन गावं माझ्याकडे बघत होती.

या काळात मी आणखी एक काम मन लावून केलं, ते म्हणजे तण काढणं. क्रेटमधून झिरपणाऱ्या पाण्याने खालच्या पट्टीत काहीबाही उगवायचं. त्यात गोलसर जाड पानांचे काही कोंब होते, एका रांगेत. मी ते चिमटीने खुडून टाकले. पंधरा दिवसांत परत आले. परत खुडले. तिसऱ्यांदा आले तेव्हा मला रागच आला. चाळीस मोरपंखींच्या तोंडचं पाणी हे फुकटे पीत होते.

पाडवा आला. गुढी उभारून झाली, साखरेच्या माळा वाटून झाल्या, आणि पप्पा बारा-तेरा माणसं घेऊन माझ्या पट्टीशी आले. मी चारही पिशव्या काढून ठेवल्या होत्या. चाळीस काड्या, चाळीस हिरव्यागार. मला आयुष्यात पहिल्यांदाच खिडकीच्या बाहेरच्या बाजूला उभं राहायला बरं वाटत होतं.

"चाळीसच्या चाळीस!" पप्पा म्हणाले. "बगा, इंग्लिश मीडियम कामाला आलं."

"दादा, एक उपटून बगा की," आबा म्हणाले. पप्पांना सगळं गाव दादा म्हणतं.

पप्पांनी माझ्याकडे पाहिलं. "उपटू का?"

"हो," मी म्हणाले. सवयीने.

काडी लोण्यातून सुरी यावी तशी वर आली. खाली शेपटी, शेपटीला पांढरी पावडर, जशी दिवाळीच्या तोंडावर लावली होती तशीच. मूळ नाही. पप्पांनी दुसरी उपटली. मग आबांनी, मग ज्याला जशी हाताला येईल तशी सगळ्यांनीच. पाच मिनिटांत चाळीस हिरव्या काड्या अंगणात आडव्या पडल्या आणि एकीलाही मुळाचं सूत नव्हतं. मोरपंखी मेल्यावरही महिनोन्‌महिने हिरवी राहू शकते, हे मला त्या दिवशी कळलं. म्हातारीने यूबद्दल हेच पहिल्याच मिनिटाला सांगितलं होतं. ती अक्षरं मीच तपासली होती.

"मेलीय, पण हिरवी हाय," आबा एक काडी निरखत म्हणाले.

"पुढाऱ्यावानी," मागून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. पप्पा सगळ्यात जास्त हसले. मग त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "सोमवारी मिस्त्री येतोय."

मी आत जाऊन वही फाडली. नंतर ती चिकटवली, कारण त्याच पानांच्या मागच्या बाजूला ऑफिसच्या नोंदी होत्या.

रविवारी काकू परत आल्या. ऊन लागून चेहरा रापला होता, हातांवर उसाच्या पाचटाने ओरखडे. आईने चहा दिला तो तसाच ठेवून त्या आधी खिडकीखाली आल्या आणि उकिडव्या बसल्या.

"माझं बेणं कुठाय?"

"कुठलं बेणं?"

"कोयनेलचं. झेडपीच्या शाळेच्या कुंपणाचं आणून लावून गेलते न्हाई का म्या. ह्या पट्टीत, आडवं निजवून. सांगितलं तुमाला, की तुमच्या काड्या जगल्या तर जगल्या, न्हाई तर हे असू द्या म्हणलं. पाणी घाला म्हणलं. तुमी हो म्हणलात. दोनदा म्हणलात."

मी खाली वाकून पट्टीकडे पाहिलं. खुडलेले बुंधे रांगेत होते. अगदी दोरीत धरल्यासारखे सरळ. तण कधी एवढ्या शिस्तीत उगवतं का, हा प्रश्न मला चार महिन्यांत एकदाही पडला नव्हता.

"काकू, ते मी खुडलं."

"किती बारी?"

"तीनदा."

काकूंनी माझ्या हातांकडे पाहिलं. मला वाटलं रागावतील. त्या एवढंच म्हणाल्या, "ऊस तोडला असता तुमी चांगला." मग बोटाने माती उकरली. एक वीतभर काडी आडवी झोपलेली होती. तिच्या पोटाखाली पांढऱ्या मुळांचा झुपका, दोऱ्याच्या गुंत्यासारखा. वर जिथं मी खुडलं होतं त्याच्या बाजूलाच नखाएवढा नवा हिरवा डोळा.

"जित्तं हाय. लई चिवट जात हाय ही. दादांला सांगा ब्लॉक थांबवा म्हणून."

"तुम्ही सांगा ना, काकू."

"म्या कावून सांगू? खिडकी कुणाची हाय?"

रात्रभर मी पप्पांना मेसेज लिहिला आणि पुसला. सोमवारी सकाळी खिडकी उघडली तर मिस्त्रीने फाटकापासून माझ्या भिंतीपर्यंत दोरी ताणली होती आणि चुन्याची फक्की टाकत तो माझ्याकडेच येत होता. खुर्च्या भरलेल्या होत्या. मी मोजल्या, नऊ. मोजून काही उपयोग नव्हता, पण मी दाराबाहेर येऊन पायरीवर उभी राहून तेवढं केलं.

मग मी खाली उतरले. खुर्च्या भरलेल्या असताना मी यापूर्वी कधी त्यांच्यामधून गेले नव्हते. खुर्च्यांमधून वाट काढताना दोघांनी पाय आत घेतले.

"पप्पा, तीन फूट."

"अगं, मेल्या की काड्या."

"दुसऱ्या आहेत."

"कुठं?"

"खाली. मातीत. आडव्या आहेत."

कुणीतरी खुदकन हसलं. मी बसले आणि हाताने माती उकरली. मला वाटतं मी काकूंपेक्षा बरीच जास्त उकरली, कारण तोंड वर करावं लागू नये असं वाटत होतं. पप्पा वाकले. मुळं पाहिली, डोळा पाहिला, एक तुटकं पान चोळून वास घेतला.

"हे तर कोयनेल हाय. एसटी स्टँडला असतंय ते, झेडपीच्या शाळेला असतंय. लग्नाच्या घरात, दारात हे लावायचं व्हय? सोयरे काय म्हणतील? त्यापरीस कुंड्या आणू चार भारीतल्या, ब्लॉकवर ठेवू. बरोबर हाय का?"

हो माझ्या जिभेवर येऊन बसला होता. इतक्या वर्षांचा पाहुणा, त्याला वाट माहीत होती.

"नाही," मी म्हणाले.

"काय?"

"नाही. कुंड्या नकोत. मला हेच पाहिजे."

माझा आवाज वाकडा निघाला आणि अर्धा इंग्रजी वाटावा असा तुटला. मिस्त्रीचा फक्कीचा हात थांबला. आबांनी बशीतला चहा खाली ठेवला आणि म्हणाले, "दादा, दोन वर्सं झाली रोज बसायलोय मी इथं. पोरगी आज पहिल्यांदा न्हाई म्हणली. सोडा तीन फूट."

पप्पांनी अंगणाकडे पाहिलं, मिस्त्रीकडे पाहिलं. चेअरमन माणूस, मागितलं तेवढं देणं त्यांच्या रक्तात नाही.

"दोन," ते म्हणाले.

मिस्त्रीने दोरी सोडली आणि दोन फूट मागे बांधली.

लग्न झालं. सोयरे काही म्हणाले नाहीत. त्यांनी आमच्याकडच्या जेवणाबद्दलच एवढं म्हटलं की कुंपणाला वेळ उरला नाही. ब्लॉक छान बसले, खुर्च्या आता रुतत नाहीत. आणि पट्टी दोनच फुटांची राहिल्यामुळे शेवटची खुर्ची अजून जवळजवळ तिथंच आहे. कोयनेल गुडघ्याच्या वर आलं आहे. माझ्या खिडकीतून त्याच्यामुळे लोकांच्या फक्त चपला झाकल्या जातात. बाकी सगळे पूर्वीसारखेच दिसतात आणि त्यांना मी दिसते. आबा त्यावर टॉवेल वाळत टाकतात. मी एकदा नको म्हणाले. ते म्हणाले, "बरं," आणि दुसऱ्या दिवशी टॉवेल छोटा आणला.

परवा काकू यंदाच्या ऊसतोडीला निघायच्या आधी खिडकीशी आल्या. मी हेडफोन काढून टेबलावर ठेवले. काकूंनी ते ठेवलेले पाहिले, मगच बोलल्या.

"शेंडा खुडायचा आता. उंच व्हायची घाई करू द्यायची न्हाई. खालून फुटू द्यायचं, दाट हुईल. न्हाई तर नुसतं उंच हुईल अन् खालून सगळं उघडं."

मला तर उंचीच हवी होती. पण मी म्हणाले, "हो."

"हो म्हणू नका," काकू म्हणाल्या. "काय करायचं ते सांगा."

मी सांगितलं. शेंडा खुडायचा. वीतभर फूट आली की परत खुडायचा. खुडलेलं फेकायचं नाही, मोकळ्या जागेत आडवं निजवायचं, डोळा वर. आणि एका रांगेत जे उगवेल त्याला तण म्हणायचं नाही.

काकूंनी ते सगळं मला पुन्हा एकदा म्हणायला लावलं. शेवटच्या खुर्चीत आबा होते. तिसऱ्यांदा त्यांनीच म्हणून दाखवलं.